लिंबाजीची वही, माझं रजिस्टर

परवा गुडघा दाखवायला जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. खिडकीत एक मुलगी संगणकापुढं बसलेली. माझ्या पुढच्या म्हातारीनं गावाचं नाव सांगितलं, कुठलीशी वाडी होती. मुलीनं पडद्यावर वरखाली शोधलं आणि म्हणाली, "आजी, हे यादीत नाही. शेजारचं मोठं गाव टाकते." म्हातारी म्हणाली, "टाक बाई, तुज्या मनानं." मी मागंच उभा होतो. माझी नात सांगते की आता ही सगळी माहिती एकत्र करून डॉक्टर लोक संशोधन करतात, कुठल्या गावाला कुठला आजार हे बसल्या जागी काढतात. काढत असतील. पण ते 'शेजारचं टाकते' म्हणजे काय, हे माझ्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल. संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मला दुसरं काही सुचेना.

आधीच सांगून टाकतो, मी जळका माणूस आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. शेजाऱ्याच्या आंब्याला माझ्या आंब्यापेक्षा आधी मोहोर आला तरी मला जेवण जात नाही.

बेंबळीच्या पलीकडं एका गावात सरकारी दवाखाना होता, तिथलं दप्तर माझ्याकडं होतं. गावाचं नाव देत नाही. दप्तर म्हणजे केसपेपर आणि रजिस्टर. माणूस दारात आला की मी त्याचं नाव, वय, गाव विचारायचो, कागद करून द्यायचो. तो डॉक्टरांकडं जाऊन परत आला की कागदावरचा आजार आणि औषध रजिस्टरात उतरवायचो. महिन्याच्या शेवटी गावनिहाय बेरीज करून वर पाठवायची. इतकंच काम. पण मी ते असं केलं की तपासणीला आलेले साहेब आधी माझं रजिस्टर उघडायचे आणि मग चहा मागायचे. माझे वडील निजामाच्या अमलात तहसिलीत उर्दू दप्तर लिहीत. त्यांचा हात माझ्या हातात उतरला होता. लाल शाईचे रकाने, निळी-काळी अक्षरं, खाडाखोड औषधालासुद्धा नाही.

टेबलाच्या काचेखाली मी गावांची सरकारी यादी लावून ठेवली होती. वाड्या, तांडे, वस्त्या त्या यादीत नसत. अशा ठिकाणचा माणूस आला की मी त्याला जवळच्या मोठ्या गावात बसवून टाकायचो. नाही तर महिन्याची बेरीज जुळत नाही आणि वरून विचारणा येते. यादीबाहेरचं गाव माझ्या रजिस्टरात कधी आलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

वयाचंही तसंच. "वय किती?" विचारलं की लोक म्हणायचे, "लिवा की तुमच्या अंदाजानं." मी तोंडाकडं बघून लिहायचो. माझ्या रजिस्टराप्रमाणं आमच्या भागात तीसची, चाळीसची, पन्नासची माणसं भरपूर होती. एकेचाळीसचं कुणी नव्हतं.

एकदा एका सोसायटीच्या चेअरमनच्या पोटरीतून नारू निघाला. ते खुर्ची ओढून माझ्या कानाशी आले. "भाऊसाहेब, नारू लिवू नगा. चेअरमनच्या घरचं पानी घाण हाय म्हणून बोभाटा व्हईल. सूज लिवा." मी सूज लिहिलं, आणि छान वळणदार लिहिलं.

नारू आता राहिला नाही, म्हणून नव्या लोकांना सांगावं लागतं. पाण्यातून पोटात जाणारा हा किडा. प्यायल्यावर साधारण वर्षभर तो आत गुपचूप वाढतो आणि मग पायाला फोड आणून बाहेर यायला लागतो, पांढऱ्या दोऱ्यासारखा, हात-दीड हात लांब. त्याला ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सडतो. काडीवर गुंडाळत रोज दोन बोटं काढायचा. पंधरा दिवस, महिना, कधी त्याहून जास्त. असा पाय ज्यानं पाण्यात घातला, त्यानं ते पाणी बिघडवलं. म्हणून पायऱ्यांच्या बारवा वाईट. माणूस पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभा राहतो आणि घागर बुडवतो.

काडीवर नारू गुंडाळायचं काम लिंबाजीचं. लिंबाजी आमचा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीवाला. सातवी शिकलेला, बौद्ध वस्तीतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला भाऊसाहेब म्हणायचा. व्हरांड्याच्या टोकाला त्याची खोली. रोगी त्याच्या मांडीवर पाय ठेवून बसायचा. गावात जी माणसं त्याच्या हातचं पाणी घेत नसत, ती इथं अर्धा अर्धा तास त्याच्या मांडीवर पाय टाकून बसत. मीही त्याच्या तांब्यातलं पाणी पीत नव्हतो. लिहायला लाज वाटते, पण पीत नव्हतो.

आणि तरी मी त्याच्यावर जळायचो. लोक दवाखान्यात शिरताना माझ्या टेबलावरून पुढं बघायचे, "लिंबाजी हाय का?" हुरड्याच्या दिवसांत त्याच्यासाठी हुरडा यायचा, वाळकं यायची. माझ्याकडं नुसतं वय लिहून घ्यायला यायचे. त्याच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की माझ्या हातातला टाक थांबायचा. काय एवढं हसतात, असं वाटायचं. कधी कधी उठून उगाच खोलीवरून चक्कर मारायचो. मी दिसलो की हसणं थांबायचं, त्याचाही राग यायचा.

त्याच्याकडं एक वही होती. शाळेची, दोनशे पानी, स्वतःची. सरकारनं त्याला वही ठेवायला सांगितलं नव्हतं. पट्टी झाली की तो तीत काहीतरी खरडायचा. अक्षर किरटं, ओळी चढलेल्या, बोटांवरच्या औषधाचे पिवळे डाग. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "लिंबाजी, ही वही आहे की पट्टीचा कापूस?" तो हसला आणि म्हणाला, "माझ्यापुरती हाय, भाऊसाहेब."

बहात्तरच्या दुष्काळात अर्धा जिल्हा खडी फोडायला आणि पाझर तलावांवर गेला. परंड्याची माणसं येडशीकडं, आमची माणसं भलतीकडं, जिथं काम निघेल तिथं. तिथंच राहायचं, तिथलंच पाणी प्यायचं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नारूनं आमचा व्हरांडा भरून गेला.

त्याच उन्हाळ्यात सबनीसबाई आल्या. एका मोठ्या मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टर, जाड चष्मा, पायात साध्या चपला. दवाखान्यांची दप्तरं तपासून नारू कुठल्या पाण्यातून येतो ते शोधायचं, असं त्यांचं संशोधन होतं. त्यात आमच्या लोकांचा रोकडा फायदा होता. त्या ज्या बारवेचं नाव देतील तिच्या पायऱ्या सरकार बुजवणार, भोवती कठडा बांधणार, वर रहाट बसवणार. म्हणजे पुन्हा कुणाचा पाय पाण्यात जायला नको. आमच्या दवाखान्याच्या वाट्याला त्या वर्षी एकच बारव होती.

मी सहा वर्षांची रजिस्टरं धूळ पुसून टेबलावर मांडली. बाई दोन दिवस वाचत बसल्या. मी मधूनमधून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो, साहेब लोकांच्या चेहऱ्यावर येतं ते येण्याची वाट बघत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

मी म्हणालो, "वडिलांची देणगी."

"पण यातून मला काही कळत नाही." बाईंनी चष्मा काढला. "नारू वर्षानं बाहेर येतो. तुम्ही माणूस आज कुठं राहतो ते लिहिलंय. गेल्या वर्षी तो कुठलं पाणी पीत होता ते कुठं आहे?"

मी म्हणालो, "असा रकाना नाही, बाई."

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून लिंबाजीचा आवाज आला. तो एका बाईच्या पायाला पट्टी करत होता. "गेल्या साली कुठल्या कामावर व्हतीस, पारूबाई?"

"तेलवाडीच्या तलावावर. माझं घरच तिथं हाय न्हवं."

"मग पानी बारवंचंच?"

"तर वं. दुसरं कुटलं आणावं?"

बाई उठल्या आणि मला ओलांडून त्याच्या खोलीत गेल्या. सगळी दुपार त्या त्याच्या दारातल्या पायरीवर बसून होत्या. वही मांडीवर, आणि लिंबाजी शब्द लावून देतोय. त्याचा हात रोज अर्धा तास एकाच पायाला गुंतलेला असे, म्हणून तो बोलत राही आणि बोललेलं लिहून ठेवी. नाव, काम कुठलं, पाणी कुठलं, इतकंच. दगडानं बोट चेचलेला माणूस आला, तरी त्यालाही तेच विचारून लिहिलेलं.

"ज्यांना नारू नाही त्यांना का विचारलंत?" बाईंनी विचारलं.

"आसंच की. यास्नी निगाला, त्यास्नी का न्हाय, म्हणून." वहीतलं एक पान दाखवून तो म्हणाला, "आता बगा, त्या तेलवाडीच्या कामावर आमच्या वस्तीतली बी माणसं व्हती. त्यास्नी बारवंवर येऊ देत न्हवते. ती आडाचं शेंदून पीत व्हती. आमच्यात कुणालाच नारू न्हाय."

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी दाराशी उभा होतो. त्या क्षणी मला त्या आडाचं काही वाटलं नाही, की त्या माणसांचं. मला एवढंच वाटलं की माझ्या सहा वर्षांच्या रजिस्टरांवर बाई इतका वेळ गप्प बसल्या नव्हत्या.

संध्याकाळी जीपमध्ये बसताना बाई म्हणाल्या, "लिंबाजीराव, तुमचं नाव मी अहवालात देणार." आणि माझ्याकडं वळून, "भाऊसाहेब, त्यांच्या वहीची एक सुवाच्य प्रत करून पाठवाल? माझ्या माणसांना ते अक्षर लागायचं नाही." बाईंना पुढं कितीतरी दवाखाने करायचे होते. गावांची नावं त्यांच्या ध्यानात राहणं शक्य नव्हतं. सगळा हिशेब माझ्या प्रतीवर होणार होता.

लिंबाजीराव! सहा वर्षांत मला कुणी राव म्हटलं नव्हतं.

मी प्रत केली, आठ दिवस बसून. लिंबाजीनं जागोजाग 'तेलवाडीची बारव' लिहिलं होतं, पान उलटावं तर तेच. तेलवाडी यादीत नव्हती. ती कोंडेगावात मोडायची. मी लिहिलं, 'कोंडेगाव, बारव'. पहिल्या दोन पानांवर हात सवयीनं गेला, हे शपथेवर सांगतो. तिसऱ्या पानाला लिंबाजी आत डोकावला.

"भाऊसाहेब, वाडीचं नाव वाडीच ठिवा बरं का. कोंडेगावला बी बारव हाय. तिचं पानी बरं हाय, तिथं कुनी पाय घालत न्हाय."

मी मान वर न करता म्हणालो, "दप्तर कसं लिहायचं ते तू मला शिकवणार का आता?"

तो गेला. त्यानंतरच्या प्रत्येक 'कोंडेगाव'ला मला ठाऊक होतं मी काय लिहितोय ते. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. फक्त लिंबाजीचं बरोबर निघायला नको होतं. दोन्हींत फरक आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. प्रत टपालात टाकली आणि मूळ वही माझ्या कपाटात कुलपात ठेवली. लिंबाजीनं विचारलं तेव्हा बाईंकडं गेली म्हणून सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी नवी वही आणली.

पाऊस उघडल्यावर कोंडेगावात सिमेंट आलं. चांगल्या पाण्याच्या बारवेच्या पायऱ्या बुजल्या, कठडा झाला, रहाट बसला. लोकांनी नारळ फोडला. कागदावर कोंडेगाव होतं, मग इंजिनियरनं तरी कशाला विचारावं? तेलवाडीच्या पायऱ्या होत्या तशा राहिल्या आणि माणसं होती तशी उतरत राहिली.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाईंचं पत्र आलं, माझ्या नावानं. 'कोंडेगावच्या बारवेचा नारूशी संबंध नसावा असं आता दिसतं. ड्रेसरच्या नोंदी तोंडी विचारून केलेल्या असल्यानं त्यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्या मी अहवालातून वगळत आहे. आपली रजिस्टरं मात्र पुन्हा बघावी म्हणते.' खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी ते पत्र तीनदा वाचलं. 'आपली रजिस्टरं मात्र' एवढ्या ओळीसाठी तीनदा.

पत्र खिशात ठेवतोय तोच तेलवाडीची पारूबाई आली. या खेपेला कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी, तिचा पाय सुजून टरारलेला. ती माझ्या टेबलाशी थांबलीच नाही, थेट लिंबाजीच्या खोलीत गेली. भांडण ऐकू येईल इतकीच भिंत मधे होती.

"तू म्हणला व्हतास पुढच्या साली पायऱ्या बुजत्याल. पोरीला तरी वाचीव म्हणून म्या तुला सगळं सांगितलं, कुटं प्याले, किती दिस प्याले. कुटं गेलं तुजं लिवनं?"

लिंबाजीनं पोरीचा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाला, "माझंच चुकलं आसंल, पारूबाई. माझं आक्षर लई वाईट हाय. बाईस्नी लागलं नसंल."

मुलगी रडायला लागली होती. तो तिला म्हणत होता, "न्हाय दुखू देनार, आगं न्हाय दुखू देनार." मी रजिस्टर उघडलं, तिचं नाव लिहिलं, वय सात लिहिलं, आणि गावाच्या रकान्यात टाक टेकवून बसून राहिलो. शाईचा एक मोठा डाग पडला. माझ्या रजिस्टरातला तो पहिला डाग.

तेलवाडी लिहिलं. मग कपाट उघडून वही काढली, एका कापडात शिवली, आणि रजा टाकून एसटीनं तालुक्याला जाऊन रजिस्टर्ड पोस्टानं बाईंना पाठवली. बाईंकडं गेली म्हणून सांगितलेलं खोटं असं दोन वर्षांनी खरं करून टाकलं. सोबत चिठ्ठी लिहिली, 'चूक ड्रेसरची नसून प्रत करणाऱ्याची आहे. तेलवाडी असे वाचावे.' चूक लिहिलं. जाणूनबुजून असं लिहायचं धाडस झालं नाही.

तेलवाडीच्या पायऱ्या त्या वर्षाअखेर बुजल्या. पारूबाईची मुलगी महिनाभर येत होती, लंगडत आली आणि नीट चालत गेली. त्यानंतरचा एक उन्हाळा सोडला तर तिथून नारूचं कुणी आलं नाही.

अहवाल यायला आणखी दोन वर्षं लागली. जाड पाकीट, आणि पाकिटावर नाव लिंबाजीचं. छापलेलं सगळं इंग्रजीत. तो ते दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलापाशी आला.

"भाऊसाहेब, यात आपलं काय आलंय का, बगा की."

मी पानं उलटली. कोष्टकं, आकडे, बारवांचे नकाशे. शेवटच्या पानावर आभार. त्यात त्याचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट, पुढं ड्रेसर. माझं कुठंच नव्हतं. एवढं सगळं करून सवरून, त्या मुलीचा पाय डोळ्यांनी बघून, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की माझं नाही. डॉक्टर सोडले तर इंग्रजी वाचणारा मी एकटा होतो. 'न्हाय आलं' म्हणालो असतो तरी त्याला खरं वाटलं असतं.

मी त्याच्या नावावर बोट ठेवलं. "हे तुझं."

तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "आनि तुमचं?"

पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. मी तीवर बोट ठेवलं. "हे माझं."

लिंबाजीचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं बगा. मला घोर लागला व्हता. म्या बाईस्नी पत्र टाकलं व्हतं, माझ्या तसल्या आक्षरात. म्हटलं, भाऊसाहेबांनी आठ दिस बसून प्रत केली, त्येंचं नाव इसरू नगा. माझ्या आदी घाला." मग माझ्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलून त्यानं दोन्ही ओळींखाली सावकाश रेघा ओढल्या.

तळाची ती ओळ छापखान्याच्या पत्त्याची होती.

लिंबाजी जाऊन बरीच वर्षं झाली. ते पान त्यानं काचेत बसवून घेतलं होतं, अजून त्याच्या घरच्या भिंतीवर आहे, लाल रेघांसकट. त्याचा मुलगा हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. वर्षातून एकदा मी जातो, माठातलं पाणी मागून पितो, तो मला चहा करून देतो, वडिलांविषयी बोलतो. इतक्या वर्षांत त्यानं ते पान वाचलं नसेल असं होणार नाही. पण मी बसलेला असलो की तो त्या भिंतीकडं कधी बघत नाही.